विजापूरचे घुमट

मराठी घरांतील मुलाला विजापूरची पहिली ओळख होते ती शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत. भरलेला दरबार, तबकांतला विडा, तो उचलणारा अफझलखान आणि मग प्रतापगडाचा पायथा. धडा तेथें संपतो. विजापूर म्हणजे शत्रूची राजधानी, एवढा ठसा मनावर उमटतो आणि बहुधा जन्मभर तसाच राहतो. त्या राजधानींत लोक पाणी कोठून आणीत, तेथले गवंडी कोण, आणि जगांतील मोजक्या प्रचंड घुमटांपैकीं एक तेथें कोणीं व कसा उभारला, हे प्रश्न परीक्षेंत येत नाहींत; म्हणून ते मनांतहि येत नाहींत.

हें शहर आज कर्नाटक राज्यांत आहे. १९५६ पर्यंत तें मुंबई राज्यांत होतें, आणि २०१४ पासून सरकारी दप्तरांत त्याचें नांव विजयपुर असें झालें आहे. तें नांव कांहीं नवें काढलेलें नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळीं तें विजयपुरच होतें. विजापूर हा त्याचा बोलींत झिजून झालेला अवतार.

सोलापुराहून दक्षिणेकडे जाणारा प्रवासी भीमा ओलांडतो आणि सपाट, काळ्या मातीच्या मुलखांत शिरतो. दोहों बाजूंस ज्वारीचीं शेतें, झाडें विरळ, डोंगर नांवालाहि नाहीं. अशा वेळीं शहर दिसूं लागण्याच्या कितीतरी आधीं क्षितिजावर एक फुगवटा दिसतो. प्रथम तो टेकडीसारखा भासतो. पण टेकडीची कड इतकी बिनचूक वाटोळी नसते. तो गोल घुमट. जसजसें जवळ जावें तसतसा तो वाढतच जातो, आणि स्टेशनावर उतरेपर्यंत त्यानें सगळें आकाश अडविलेलें असतें.

बहुतेक प्रवाशांचें विजापूर या घुमटांतच आटोपतें. कोपऱ्यांतल्या मनोऱ्याचा जिना चढून धापा टाकीत वर जावयाचें, सज्जांत उभें राहून टाळी वाजवावयाची, ती किती वेळां परत येते तें मोजावयाचें, मुलांनीं आरोळ्या ठोकावयाच्या आणि खालीं यावयाचें. येथें कानांत सांगितलेली गोष्ट सव्वाशें फुटांवर समोरच्या माणसाला ऐकूं जाते हें खरें. परंतु ती करामत पाहतां पाहतां खरें आश्चर्य डोक्यावरच राहून जातें. प्रतिध्वनि हा त्या वास्तूचा गुण खरा, पण तो आपोआप आलेला. घुमट मात्र आपोआप उभा राहिलेला नाहीं.

महंमद आदिलशाह १६२७ मध्यें गादीवर आला आणि १६५६ मध्यें वारला. त्याच्या कबरीवरची ही इमारत. आंतील दालन चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारें १३५ फूट आहे. १३५ चा वर्ग केला म्हणजे १८,२२५ चौरस फूट होतात. एवढ्या जागेवर मधें एकहि खांब न देतां छप्पर घातलेलें आहे. रोम शहरांतील पँथिऑन या प्राचीन देवालयाचें आंतलें क्षेत्र सुमारें १५,८३३ चौरस फूट भरतें. ही तुलना मांडली ती जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश पंडितानें. पुण्याच्या महाविद्यालयाला ज्याचें नांव आहे तो मुंबईचा गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन निराळा. नांव एकच असल्यानें घोंटाळा नेहमीं होतो. हा फर्ग्युसन वास्तुकलेचा इतिहासकार, आणि विजापूरच्या इमारतींवर १८६६ मध्यें निघालेल्या मोठ्या ग्रंथाचें काम त्याचें.

आतां अडचण कोठें होती तें पाहिलें पाहिजे. घुमटाचा तळ वाटोळा आणि खालची खोली चौकोनी. चौकोनावर वर्तुळ ठेवावयाचें तर चार कोपरे उघडे पडतात. लहान खोली असेल तर कोपऱ्यांत आडव्या शिळा टाकून वेळ मारून नेतां येते. परंतु १३५ फुटांच्या खोलीला पुरेल एवढी शिळा आणावयाची कोठून? विजापूरच्या स्थपतीनें यावर काढलेली तोड अशी. दोन चौरंग एकावर एक ठेवून वरचा थोडा फिरविला म्हणजे आठ टोकांची चांदणी होते. त्या चांदणीच्या रेषांवर त्यानें आठ कमानी उभारल्या. जमिनीपासून सुमारें ५७ फुटांवर या कमानी आंतल्या बाजूस झुकत एकमेकींना छेदूं लागतात आणि छेदतां छेदतां माथ्यावर ९७ फूट व्यासाचें एक वर्तुळ तयार करतात. चौकोन कोठें संपला आणि वर्तुळ कोठें सुरू झालें हें खालून पाहणाराला सांगतां येत नाहीं.

येथपर्यंतची युक्ति दुसऱ्या कोणाला कदाचित् सुचली असती. तिच्या पुढची मात्र विशेष. घुमट या ९७ फुटांच्या कडेवर उभा केलेला नाहीं. तो तिच्या बराच मागें, भिंतींच्या बाजूला सरकवून बसविला आहे. त्याचा आंतला व्यास सुमारें १२४ फूट आहे. कड आणि घुमट यांच्यामध्यें जी रुंद वाट उरली, तोच तो टाळ्या वाजविण्याचा सज्जा. लोक ज्याला गंमतीची जागा समजतात ती साऱ्या इमारतीची किल्ली आहे. कारण कोणताहि घुमट आपल्या भारानें खालच्या अंगास बाहेर फांकूं पाहतो. युरोपांत कित्येक घुमटांना त्यासाठीं लोखंडाच्या सांखळ्या आवळाव्या लागल्या. येथें कमानींचा तो अवाढव्य पसारा भिंतींपासून आंत लोंबतो आणि त्याचें वजन भिंतींना आंत ओढतें. एक ओढ बाहेरची, एक आंतली. दोन्ही एकमेकींना धरून उभ्या आहेत. बैलगाडीच्या जुवाला दोन बैल जुंपावे तसा हा प्रकार आहे, फरक इतकाच कीं हे बैल साडेतीनशें वर्षें जागचे हललेले नाहींत.

घुमटाचें अंग विटांचें आहे, जाडी सुमारें दहा फूट, आणि विटांइतकाच त्यांत चुना आहे. तो चुना कसा मळला असेल याची कल्पना पूर्वीं घराच्या बांधकामावर घाण्यांत चुना दळतांना ज्यांनीं पाहिला त्यांना येईल. सबंध घुमट म्हणजे जवळजवळ एकच चुन्याचा गोळा, आणि विटा त्याच्या आंतल्या हाडांसारख्या. त्याची आंतून उंची सुमारें १७५ फूट आहे. रोमच्या सेंट पीटरच्या देवळाचा घुमट याहून रुंद आहे. लंडनच्या सेंट पॉलचा बराच लहान आहे.

इतकें असून बाहेरून ही इमारत सुंदर आहे असें सर्वांनाच वाटत नाहीं. ती जड दिसते, तिचा भव्यपणा अंगावर येतो, आणि चार कोपऱ्यांचे सात मजली मनोरे जणु मागाहून जोडल्यासारखे वाटतात. हा आक्षेप खोटा म्हणतां येत नाहीं. ताजमहाल ज्या सहजतेनें डोळ्यांत भरतो ती सहजता येथें नाहीं. ताज आणि गोल घुमट जवळजवळ एकाच वेळीं बांधले जात होते. आग्र्याच्या कारागिरानें संगमरवराला नाजूक केलें. विजापूरच्या कारागिराजवळ काळा दगड आणि चुना होता, आणि त्यानें त्या दगडाला विचार करावयास लावलें. ज्याला गणिताची थोडी गोडी आहे तो विजापूरकराला अधिक गुण देईल.

घुमटाखालच्या चौथऱ्यावर बादशहाजवळ त्याच्या कुटुंबांतील माणसांच्या कबरी आहेत, आणि त्यांतच रंभा नांवाच्या नर्तकीचीहि आहे. ह्या वरच्या कबरी केवळ दाखविण्याच्या. खऱ्या खालीं तळघरांत आहेत. दक्षिणेच्या दारावर फारसी लेखाच्या तीन ओळी आहेत. प्रत्येक ओळींतील अक्षरांच्या किंमती मिळविल्या म्हणजे १०६७ हें बादशहाच्या मृत्यूचें हिजरी साल निघतें. बादशहाचें साल असें तीन तीन वेळां कोरलेलें आहे. बांधणाराचें नांव मात्र एकदांहि आढळत नाहीं.

परंपरा तें नांव याकूत दाभोळी असें सांगते. म्हणजे दाभोळचा याकूत. रत्नागिरी जिल्ह्यांत वाशिष्ठीच्या मुखावरचें जें दाभोळ, आदिलशाहीचें तें मोठें बंदर. घुमट त्याचा असो वा नसो, त्याच्या हातचें एक काम निश्चित आहे. शहराच्या जामे मशिदींत पश्चिमेच्या भिंतींतला मिहराब सोन्यानें आणि रंगानें मढविला आहे, आणि तें काम १६३६ मध्यें मलिक याकूतानें केल्याचें तेथेंच लिहिलेलें आहे. घुमटांतून बाहेर पडलेल्या प्रवाशानें थेट या मशिदींत यावें. ती पहिल्या अली आदिलशहानें १५६५ च्या तालिकोट लढाईनंतर कांहीं वर्षांनीं सुरू केली. ती कधींच पुरी झाली नाहीं, पूर्वेचे मनोरे राहून गेले. पण अपुरी असूनहि विजापुरांत एवढी शांत जागा दुसरी नाहीं. कमानींच्या रांगा एकामागून एक मागें सरकत जातात, नक्षी जवळजवळ नाहींच, आणि जमिनीवर काळ्या रेघांनीं आंखलेल्या २,२५० जागा आहेत. एकेका माणसाला नमाजासाठीं एकेक. त्या रेघा औरंगजेबानें आंखविल्या असें सांगतात. मशिदींतील गालिचे त्यानें नेले आणि त्यांच्या जागीं रेघा दिल्या अशी विजापूरकरांची तक्रार आहे.

आदिलशाहीच्याहि आधींचें एक कारागिराचें नांव शहरांत टिकून आहे. किल्ल्याच्या आंतल्या कोटांत करीमुद्दीनची मशीद म्हणून एक जुनी इमारत आहे, १३२० ची. तिचे खांब देवळाचे आहेत हें पाहतांक्षणीं कळतें, आणि त्याचें दुःख झाल्यावांचून राहत नाहीं. त्याच खांबांवरच्या लेखांत ही मशीद बांधणाऱ्या सुताराचें नांव येतें: साळोटगीचा रेवय्या. ज्या रेवय्यानें देवळाचे खांब मशिदींत बसविले तो स्वतः हिंदु होता. त्याच्या मनांत त्या वेळीं काय आलें असेल हें दगड सांगत नाहींत. पोटासाठीं हात चालले असतील. किंवा मोडलेल्या खांबांना पुन्हां उभें करण्याचें समाधान त्याला मिळालें असेल. इतिहासाला सरळ बाजू असत नाहींत, याचा असा पुरावा थोड्याच ठिकाणीं मिळतो.

मराठी माणसाला तर या शहरांत आपलीं माणसें पदोपदीं भेटतात. पहिल्या इब्राहिमानें, म्हणजे १५३४ ते १५५८ च्या दरम्यान, मुलकी हिशेब फारसीऐवजीं देशी भाषेंत ठेवण्याची रीत घातली, आणि ब्राह्मण कारकुनांचा दप्तरांत शिरकाव झाला. शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते. दुसऱ्या इब्राहिमानें, जो १५८० मध्यें लहानपणींच गादीवर आला, दखनी भाषेंत संगीतावर ‘किताब-ए-नौरस’ रचली, आणि तिच्यांत सरस्वतीचें स्तवन आहे. विडा उचलण्याचा दरबार आणि सरस्वतीचें स्तवन करणारा दरबार एकाच गादीचे, अवघ्या दोन पिढ्यांच्या अंतरानें.

या दुसऱ्या इब्राहिमाची कबर म्हणजे इब्राहिम रोजा. ती शहराच्या पश्चिमेस, तटाबाहेर आहे. एका चौथऱ्यावर समोरासमोर एक मशीद आणि एक मकबरा, मधें हौद. गोल घुमटाचें सारें बळ अंगांत, तर रोज्याचें सारें कौतुक बोटांत. भिंतींवर कुराणांतील वचनें इतकी दाट कोरलीं आहेत कीं दगडावर शाल पांघरल्यासारखी दिसते. खिडक्यांना जाळ्या आहेत, पण त्या वेलबुट्टीच्या नव्हत. अरबी अक्षरेंच दगडांतून आरपार कोरून त्यांची जाळी केली आहे. आंत उभें राहिलें म्हणजे उजेड अक्षरांतून येतो. मिनार सडपातळ, आणि सगळी रचना इतकी प्रमाणशीर कीं कोठें थांबून पाहावें हेंच सुचत नाहीं.

तेथेंहि खरें नवल मान वर करून पाहावें लागतें. मधली खोली सुमारें ४० फूट चौरस. तिचें छत चारी बाजूंनीं सुमारें दहा दहा फूट आंत वळत येतें, आणि मधला भाग अगदीं सपाट आहे. घडीव दगडाच्या फरशा एकीला एक लावून बसविल्या आहेत; खालीं तुळई नाहीं, कमान नाहीं. फरशांनीं खालीं पडूं नये याला दिसण्यासारखें कांहींच कारण नाहीं. त्यांना धरून ठेवलें आहे तें वरच्या चुन्यानें. फर्ग्युसनसारख्या जाणत्यालाहि येथें नवल वाटलें, आणि हिंदी गवंड्यांच्या चुन्याचें त्यानें मोकळ्या मनानें कौतुक केलें. साऱ्या विजापूरचें रहस्य एका शब्दांत सांगावयाचें झाल्यास तो शब्द चुना हा होय, आणि चुना करणाराचें नांव कोठल्याच लेखांत असत नाहीं.

रोज्याच्या बांधणाराचें नांव मात्र सुदैवानें दारावरच आहे: मलिक संदल. खर्चहि लिहिला आहे, दीड लाख नऊशें होन. वरचे नऊशेंसुद्धां सोडले नाहींत, यावरून हिशेब ठेवणारा कसा असेल तें दिसतें. ही इमारत मुळांत ताज सुलताना या राणीसाठीं योजली होती; परंतु १६२७ मध्यें इब्राहिम आधीं गेला आणि तेथें त्यालाच ठेवावें लागलें.

इमारती पाहून थकलेल्या प्रवाशानें कोठेंतरी ताज बावडीसारख्या विहिरीच्या पायरीवर बसावें आणि पाण्याचा विचार करावा. भीमा दूर, कृष्णाहि दूर, पाऊस बेताचा. अशा कोरड्या माळावर राजधानी वसली कशी? पश्चिमेस तोरवीच्या बाजूनें जमिनीखालून खोदलेला बोगदा शहरांत पाणी आणी. तें पुरेना तेव्हां महंमद आदिलशहानें १६५१ मध्यें दक्षिणेस बेगम तलाव बांधविला. त्याचें पाणी मातीच्या नळांतून येई, आणि नळाभोंवतीं चुनेगच्ची बांधकाम असे. वाटेवर ठिकठिकाणीं दगडी उंच हौद आहेत, त्यांना गंज म्हणतात. पाण्याचा जोर फार होऊन नळ फुटूं नयेत, गाळ खालीं बसावा आणि मग पाणी पुढें जावें, अशी ती सोय. आज रस्त्याच्या कडेला हे गंज मोडक्या बुरुजांसारखे उभे दिसतात. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. घुमट नसता तर विजापूर चाललें असतें. गंज नसते तर एक उन्हाळाहि निघाला नसता. आणि बेगम तलावाचें हें काम करवून घेणारा अधिकारी कोण, तर अफझलखान. वाईच्या वाटेनें पुढें जो आला, तोच.

शहराच्या तटाला मलिक-ए-मैदान नांवाची तोफ आहे, ती पाहिल्याशिवाय कोणी परतत नाहीं. ती १५४९ मध्यें अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी यानें ओतली. लांबी सव्वाचौदा फूट, वजन सुमारें ५५ टन. तोंड सिंहाच्या जबड्यासारखें केलें आहे आणि त्या जबड्यांत हत्ती चिरडला जात आहे. ती परांड्याच्या किल्ल्यावर होती. तेथून १६३२ मध्यें ती विजापुरास आणली मुरार जगदेवानें. हत्ती, शेंकडों बैल आणि त्याहून अधिक माणसें लावून एवढें धूड भीमेपलीकडे ओढून नेणारा हा मुरारपंत मराठी. भीमा-इंद्रायणीच्या संगमावर हत्तीची तुला केली म्हणून ज्याच्यामुळें तुळापूर हें नांव पडलें असें म्हणतात, तोहि हाच. आणि त्याआधीं पुणें उजाड करून गाढवाचा नांगर फिरविणाराहि हाच. त्याला कोणत्या बाजूस बसवावें?

या तोफेची पुढची कथा थोडी लाजिरवाणी आहे. १८५४ मध्यें सरकारी हुकूम सुटला कीं निरुपयोगी जुनें सामान विकून टाकावें. लिलांव झाला आणि मलिक-ए-मैदानाला सर्वांत मोठी बोली आली दीडशें रुपये. पंचावन टनांचा ओतीव धातु, अहमदनगरच्या कारागिराचें आयुष्याचें काम, दीडशें रुपयांत मोडींत जाणार होतें. बोली फार कमी वाटली म्हणून मामलेदारानें वर विचारलें, आणि वरच्या अधिकाऱ्यानें विक्री रद्द केली. तोफ वांचली ती कोणाच्या रसिकतेनें नव्हे, तर एका मामलेदाराला सौदा पटला नाहीं म्हणून. इतिहासाचें संरक्षण कधीं कधीं अशा चोख हिशेबी माणसांनीं केलेलें आहे.

सगळ्याच वस्तूंना असा मामलेदार भेटला नाहीं. आसार महाल म्हणून एक सागवानी खांबांचा वाडा आहे, १६४६ चा, प्रथम न्यायाचा दरबार आणि पुढें पैगंबराचे केस जपून ठेवलेलें पवित्र स्थान. तेथें आदिलशाही ग्रंथसंग्रहाचा उरलेला भाग होता. १८५३ मध्यें तीं हस्तलिखितें लंडनला रवाना झालीं. तेथें तीं नीट राहिलीं हें खरें. पण विजापूरच्या मुलाला आपल्या गांवचें पुस्तक वाचावयास समुद्र ओलांडावा लागावा, हें कांहीं बरें नाहीं. पुढें १८८५ च्या सुमारास जिल्ह्याचें ठाणें कलादगीहून येथें आलें, तेव्हां नव्या इमारती बांधण्याचा खर्च वांचविण्यासाठीं जुने महाल कचेऱ्यांना आणि साहेबांच्या राहण्याला दिले. जोड घुमटांपैकीं एका घुमटांत इंजिनियरसाहेबांचा संसार थाटला होता. गोल घुमटाशेजारच्या मशिदींत डाकबंगला, आणि दुसऱ्या एका मशिदींत टपालकचेरी. लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दींत, म्हणजे १८९९ ते १९०५ या वर्षांत, हीं बिऱ्हाडें हलविलीं गेलीं. त्या व्हाइसरॉयाचे इतर पराक्रम हिंदुस्थान विसरलेला नाहीं; पण हा एक त्याच्या जमेच्या बाजूला मांडला पाहिजे. गोल घुमटापुढच्या नगारखान्यांत आज जें संग्रहालय आहे त्याची स्थापना त्याच्याहि आधींची, १८९२ ची.

आंतल्या कोटाच्या जवळ बारा कमान म्हणून एक अपुरा मकबरा आहे. दुसऱ्या अली आदिलशहाला बापाच्या घुमटाहून मोठें कांहीं करावयाचें होतें. चौथऱ्याची एकेक बाजू २१५ फूट. काळ्या दगडाच्या कमानी उभ्या राहिल्या, आणि १६७२ मध्यें अली वारला. राज्याच्या उत्तर आणि पश्चिम बाजूंस त्या सुमारास शिवाजी महाराजांचा अंमल पसरत चालला होता, तिजोरी रिकामी होती, सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते. छप्पर कोण घालणार? आज त्या कमानींवर आभाळ आहे. संध्याकाळचें ऊन त्यांच्यांतून आडवें पडतें तेव्हां शहरांतील कोणत्याहि पुऱ्या इमारतीपेक्षां ही अपुरी अधिक चटका लावते. गोल घुमट कसा उभा राहिला असेल तें कळण्यालाहि हीच जागा उपयोगी. येथें कमानीच्या पोटांतले दगड उघडे दिसतात.

अलीच्या मागें सिकंदर गादीवर आला तो चार-पांच वर्षांचा. १२ सप्टेंबर १६८६ रोजीं त्यानें औरंगजेबाला शहर स्वाधीन केलें. गगन महालाच्या त्या सुमारें साठ फुटी कमानीखालीं त्याला रुप्याच्या बेड्या घालून उभें केलें असें विजापूरकर सांगतात. चौदा वर्षें कैदेंत काढून १७०० मध्यें तो वारला आणि त्याला विजापुरास आणून पुरलें. ज्या घराण्यानें जगाला चकित करणारे घुमट बांधले त्याच्या शेवटच्या पुरुषाची कबर उघड्या आवारांत आहे, साधी, चुन्यानें रंगविलेली, वर पत्र्याचाहि आडोसा नाहीं.

वेळ उरल्यास प्रवाशानें शहराच्या पश्चिमेकडे आणखी कांहीं मैल जावें. तिकडे अफझलपूर म्हणून उजाड वस्ती आहे. शेतांच्या कडेला एका चौथऱ्यावर रांगांनीं मांडलेल्या साठांहून अधिक कबरी आहेत, सगळ्या स्त्रियांच्या. स्वारीवर निघतांना ज्योतिषानें अशुभ सांगितलें म्हणून अफझलखानानें आपल्या बायका मारविल्या, त्यांच्याच ह्या, अशी कथा आहे. कथा भयंकर आहे, आणि अशा कथा शत्रूच्या नांवावर लवकर चिकटतात; कबरी इतक्या एकसारख्या आणि नीट घडविलेल्या आहेत कीं एका रात्रींतलें तें काम दिसत नाहीं. जवळच खानाचें आवार आहे. त्याची मशीद १६५३ मध्यें पुरी झाली. ती दुमजली असून तशी रचना या शहरांत विरळा आहे. मशिदीशेजारीं खानानें जिवंतपणींच स्वतःसाठीं मकबरा बांधावयास घेतला होता. बेगम तलावाचें पाणी शहरांत खेळविणाऱ्या माणसानें आपल्या शेवटच्या जागेची तजवीजहि अशीच वेळेवर केली होती. पुढें १६५९ मध्यें तो प्रतापगडाखालीं पडला आणि त्याला तेथेंच पुरलें. अफझलपुरांतल्या मकबऱ्यांत त्याच्यासाठीं राखलेली जागा रिकामीच आहे.